बाहेरचं त्यानं, घरचं तिनं?

'तो बाहेरचं बघतो, ती घरचं बघते, हिशोब बरोबरच आहे,' हे आपण सर्रास ऐकतो. जळकोटच्या शिवारात सोयाबीनच्या काढणीला या, हा हिशोब लगेच फसतो. नवरा-बायको दोघंही दिवसभर रानात वाकलेले असतात. दिवेलागणीला घरी आल्यावर तो हातपाय धुऊन हायवेकडे चहाला जातो. ती तशीच परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला बसते, कडेला लेकरू रडत असतं. बाहेरचं काम दोघांचं झालं, घरचं मात्र तिचं एकटीचंच राहिलं.

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी 299 मिनिटं होती, पुरुषाची 97. आणि ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच! बायकांत असे 81 टक्के, पुरुषांत जेमतेम 26.

'आता जमाना बदलला, पोरं घरात काम करतात' हाही असाच समज. 2024 च्या पाहणीत बायकांची मिनिटं 299 वरून 289 झाली, पुरुषांचीही 97 वरून 88 वर आली. म्हणजे तिची दहा मिनिटं वाचली, पण ती त्यानं उचललेली नाहीत.

'लेकरू आईलाच कळतं' हा समज सगळ्यांत जुना. अंगावर पाजणं सोडलं तर न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं यातलं बापाला न जमणारं काहीच नाही. ते सवयीनं येतं. फिलिपिन्समधल्या सेबूत 600 हून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. बाप झाल्यावर त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलेलं दिसलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मूल सांभाळणाऱ्यांत ते सर्वांत कमी होतं. बापाचं शरीरसुद्धा लेकराशी जुळवून घेतं, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते. आपले नियम मात्र मागे आहेत: केंद्राच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा 15 दिवस, आणि रानात राबणाऱ्या बापाला कसली रजा?

वाटणी करायचीच तर अख्खं काम वाटा. 'सांग, काय करू?' असं विचारून कांदा चिरून दिला तरी स्वयंपाकाची काळजी तिच्याच डोक्यात राहते. त्यापेक्षा लेकराच्या लसींचं काम घ्या: गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. लसीकरणाचं कार्ड बापानं आपल्याकडे घ्यावं, तारीख त्यानं लक्षात ठेवावी, उपकेंद्रात लेकराला त्यानं न्यावं आणि रात्री ताप आला तर त्यानंच जागावं.