उपयोग नसलेले टेबल आणि वाऱ्याची बासरी

घरात नवे यंत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला : "याचा उपयोग काय?" मिक्सरने वाटणाचे श्रम वाचवले, धुलाईयंत्राने मनगटे वाचवली. वाचलेला वेळ गेला कुठे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विल्यम गेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विचारले. २००४ च्या सुमारास त्यांनी 'ड्रिफ्ट टेबल' नावाचे एक बैठे टेबल जगापुढे मांडले. मध्ये लहानसा गोल झरोका. त्यात विमानातून दिसावी तशी भूमी संथ सरकत असे. एका बाजूस पुस्तके ठेवली की देखावा त्या दिशेला वाहू लागे. उपयोग? काही नाही! तो मुद्दामच ठेवला नव्हता. यंत्राने काम उरकावे, तसे कुतूहलही जागवावे, एवढेच त्यांना पाहायचे होते. म्हणून ते काही आठवडे एका घरात राहावयास दिले.

आता आपल्या झाडीपट्टीकडे वळू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रपूर-गडचिरोलीची मुले तान्हा पोळा साजरा करतात. चाकांवरचा लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर जायचे नि बोजारा मिळवायचा! आजोबांचा नंदी नातू ओढतो, अशीही घरे आहेत.

गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, नारायणपूरच्या रानात, बांबूची एक बासरी होते. ती फुंकायची नाही, हवेत फिरवायची. वारा छिद्राच्या कडेवर आपटतो, आतली हवा थरथरते आणि सूर उमटतो. रात्री रानवाटेने जाताना जनावरांना दूर ठेवणारी ही बासरी आता शहरांतल्या दिवाणखान्यांतही पोचली आहे. ती घडविणारे पंडीराम मंडावी यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मात्र खेळण्याला आधी बांबू हवा, आणि बांबू कोणाचा, हा प्रश्न खेळाचा नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागे, आणि तो वनखात्याच्या हाती. २०११ च्या एप्रिलमध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभे राहिले. कारागिराला कच्चा माल आणि शिक्षण, दोन्ही लाभले तरच त्याच्या कल्पनेला पोटाची चिंता सोडून खेळता येईल.

लंडनचे टेबल महाग आणि विजेचे. आपल्या कामट्या स्वस्त. धडा मात्र एकच : घराला थोडी निरुद्देश गंमत हवी. या दिवाळीत तयार आकाशकंदील आणण्याऐवजी मुलांपुढे चार कामट्या, खळ आणि रंगीत कागद ठेवून पाहा. कंदील वाकडा होईल, पण संध्याकाळ सरळ जाईल!