पुराची रात्र आणि पुरानंतरची सकाळ



यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले की लोकांना आठवते ती कोरडवाहू पऱ्हाटी, तूर आणि आभाळाकडे लागलेले डोळे. आमच्याकडे पाऊसच पडत नाही, पूर कुठला यायचा, असे आपणही सहज बोलून जातो. पण जिल्ह्याचा नकाशा एकदा समोर धरून बघा. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. बेंबळा वर्धेला मिळते. अडाण, अरुणावती आणि पूस पैनगंगेकडे धावतात. दोन मोठ्या नद्यांच्या कुशीत बसलेला हा जिल्हा आहे, आणि प्रत्येक गावाला एखादा नाला आहेच. उन्हाळ्यात त्या नाल्यात पोरे विटीदांडू खेळतात. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री तोच नाला गावाला ओळख देत नाही.

22 जुलै 2023 हा दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. शनिवार होता. आदल्या रात्रीपासून जिल्ह्यात धो धो पाऊस लागला. महागाव तालुक्यात तर एका रात्रीत दोनशे मिलिमीटरहून जास्त पाणी कोसळले. त्या तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा दिला आणि माणसे आतच अडकली. नागपूरहून वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांची मागणी झाली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान बोटी घेऊन पोचले आणि त्यांनी माणसे बाहेर काढली. त्याच दिवशी यवतमाळ शहरातही सखल वस्त्यांतली घरे पाण्यात गेली.

आता हा दोनशे मिलिमीटरचा आकडा नुसता ऐकून कळत नाही. गुरुजी, हे गणित पोरांना फळ्यावर घाला. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. दोनशे मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर वीस लाख लिटर. गावाचे शिवार पाचशे हेक्टरांचे धरले, तर एका रात्रीत शंभर कोटी लिटर पाणी. आपल्या जिल्ह्याचा सबंध वर्षाचा पाऊस सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वर्षाचे पाव पाणी रातोरात. काळी जमीन आधीच पाणी पिऊन फुगलेली असते, ती आणखी पाणी घेत नाही. मग ते सारे पाणी एकच वाट धरते, नाल्याची. आणि नाला तर आपण दोन्ही बाजूंनी थोडा थोडा पेरून अरुंद करून ठेवलेला! हे बोलायला बरे वाटत नाही, पण धुऱ्यावर उभे राहून स्वतःच बघा.

दुसऱ्या तऱ्हेचा पूर असतो तो वर्धाकाठचा. 2022च्या पावसाळ्यात वर्धेला मोठे पूर आले आणि वणी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतली काठची गावे पाण्यात सापडली. अशा वेळी गावात पाऊस नसतानाही पाणी चढते. नदीच दुथडी भरलेली असली की नाल्याचे पाणी तिच्यात शिरत नाही. ते मागे फिरते आणि शेतातून उलटे वर येते. वर्धा उगम पावते मध्य प्रदेशात, मुलताईजवळ. तिकडचा पाऊस आपल्याला दिसत नाही. याच नदीने 30 जुलै 1991 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाड गावावर पहाटे झडप घातली आणि 204 माणसे नेली. म्हणून काठच्या गावाने आपल्या आभाळापेक्षा वरच्या धरणांची बातमी जास्त ऐकावी. पैनगंगेच्या काठावर असाल तर इसापूर धरणाची.

ही बातमी कशी ऐकायची तेही सांगतो. ‘इतके क्युसेक पाणी सोडले’ असे एकदा म्हणतात, दुसऱ्या वेळी क्युमेक म्हणतात, आणि ऐकणारा गोंधळतो. एक क्युमेक म्हणजे दर सेकंदाला हजार लिटर. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला अठ्ठावीस लिटरांच्या जवळपास. पस्तीस क्युसेकचा एक क्युमेक. शंभर क्युमेक ऐकून ‘शंभरच तर आहे’ म्हणाल, तर ते साडेतीन हजार क्युसेक आहे हे ध्यानात घ्या.

आता रात्रीचे बोलू. कायद्याने पाहिले तर 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याचे प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा फोन 1077, पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी 112. हे दोन आकडे शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावे. पण बोटवाल्या जवानांना नागपूरहून किंवा यवतमाळहून यायला वेळ लागतो, रस्ते तुटलेले असले तर फारच. मधले दोन-चार तास गावाचेच असतात. पोलिस पाटील, कोतवाल, सरपंच, तलाठी (ज्यांना 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि शाळेचे गुरुजी एवढ्यांनी त्या तासांचा विचार उन्हाळ्यातच करून ठेवायचा असतो.

त्यातही एक काम सर्वांत मोलाचे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. आनंदनगरच्या वेळी अडकलेल्या माणसांचे आकडे दिवसभर बदलत राहिले. कुठल्याही पुरात हेच होते. बोटवाला विचारतो, ‘आत किती जण आहेत?’ आणि कोणालाच नक्की सांगता येत नाही. कोणी लग्नाला गेलेले असते, कोणाकडे पाहुणे आलेले असतात. म्हणून नाल्याकाठच्या घरांची एक वही करा. घर, माणसे, त्यांत म्हातारी किती, अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस गेलेली बाई कोणती, तान्हे मूल कोणाचे. पटावर मुलांची नावे गुरुजींकडे असतातच. त्या मुलांच्या मागे घर जोडले की वही तयार. एक प्रत शाळेत, एक पोलिस पाटलांकडे. शाळा नाल्याकाठीच असेल तर वही तिथे ठेवू नका, एवढे मात्र सांभाळा.

दवंडी अजून जुनी झालेली नाही. मोबाइलवर इशारा येतो खरा, पण रात्री लाइन गेली, मोबाइलची बॅटरी संपली, मनोरा बंद पडला, की कोतवालाचा आवाजच कामाला येतो. ‘नाल्याच्या तिकडे कोनी जाऊ नका होऽऽ’ हे ऐकून माणूस उठतो. देवळातला भोंगा, मशिदीतला भोंगा, जो चालू असेल तो लावा.

लोक घर का सोडत नाहीत? शहरातले लोक म्हणतात, हट्टी आहेत. तसे नसते. गोठ्यात बैलजोडी असते. चाळीस-पन्नास हजारांची, कधी लाखाची जोडी टाकून माणूस कसा निघेल? म्हणून जनावरांची जागा माणसांच्या जागेइतकीच आधी ठरवा. टेकाडावरचे कोणाचे आवार, कोणाचे खळे. आणि जनावरे नेता आलीच नाहीत तर निदान दावे कापा. सुटे जनावर पोहते, उंचवटा शोधते. खुंट्याला बांधलेले जागीच जाते. दावे कापायला विळा गोठ्यातच खोचून ठेवलेला असावा. अंधारात शोधत बसायला वेळ नसतो.

वाहत्या पाण्याचे एक सांगायचे राहून जाऊ नये. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होते. त्या पाण्यात नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. बस वाहून गेली आणि जीव गेले. एवढी मोठी बस जाते कशी, असा प्रश्न पोरे विचारतील. बस आतून पोकळ असते. पाणी वर चढले की ते बसला खालून उचलते, चाकांची रस्त्यावरची पकड सुटते, आणि मग बाजूने लोटायला थोडा जोर पुरतो. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा दाब चौपट होतो. फूटभर पाणी छोट्या मोटारीला तरंगवायला पुरेसे असते, दोन फूट पाणी मोठ्या गाडीला. माणसाचे पाय तर गुडघाभर वेगाच्या पाण्यातच सुटतात. शिवाय पुलाचा कठडा आणि रस्ता खाली शाबूत आहे की वाहून गेला, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. ‘रोजचाच रस्ता आहे’ म्हणून गाडी घालणारा माणूस बहुधा गावचाच असतो, परका थांबतो.

सकाळ झाली, पाणी ओसरले. आता खरे लांबलेले काम सुरू होते.

पहिले पाणी, म्हणजे प्यायचे. बुडालेल्या विहिरीत गाळ, शेण, मेलेली कोंबडी काय काय गेलेले असते. आधी उपसा, मग ब्लीचिंग पावडर. नेहमीच्या दिवसांत हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर हे माप धरतात. दहा फूट व्यासाची विहीर आणि तेरा फूट पाणी असेल तर साधारण अठ्ठावीस हजार लिटर पाणी झाले, त्याला सत्तर ग्रॅम. पण गढूळ पाणी पावडर खाऊन टाकते, म्हणून पुरानंतर हे माप पुरत नाही. जलसुरक्षकाकडून ओटी परीक्षा करून घ्यावी. परीक्षानळीतले पाणी पिवळे झाले तर औषध शिल्लक आहे, नाही झाले तर पुन्हा घालावे. पावडर तशीच फेकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडा, दोरीला बांधलेली बादली वरखाली करून ढवळा आणि तासभर कोणाला पाणी भरू देऊ नका. तरीही लहान मुलांना उकळलेलेच द्या. आणि घर झाडताना हात घालण्याआधी काठी घाला. पुरात साप घरातच आसऱ्याला येतो. चावला तर थेट दवाखाना.

दुसरे पंचनाम्याचे. इथे पुष्कळांचे नुकसान दुसऱ्यांदा होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी खात्याचे माणूस असे मिळून पाहणी करतात. 2015 पासून पीक तेहतीस टक्के किंवा जास्त गेले असेल तर मदतीला पात्र धरतात; त्याआधी ही अट पन्नास टक्क्यांची होती. 2022 ते 2026 या मुदतीसाठी केंद्राने ठरवलेल्या दरांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, शेतातला गाळ काढायला हेक्टरी 18,000, अल्पभूधारकाची जमीन खरडून वाहून गेली तर हेक्टरी 47,000, दुभत्या गाईम्हशीला 37,500 आणि बैलाला 32,000 रुपये होते. राज्य सरकार वेळोवेळी यांत भर घालते, म्हणून चालू दर तहसिलीतच विचारावे. फरक लक्षात घ्या: पीक बुडणे वेगळे, शेतात गाळ साचणे वेगळे आणि जमीन खरडून जाणे वेगळे. कास्तकार सांगतो, ‘वावर गेलं’, आणि कागदावर नुसते पीक लिहिले जाते. वावर गेले असेल तर मातीच गेली, खडक उघडा पडला, असे स्पष्ट लिहायला लावा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. मेलेले जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना आणि तलाठ्याला दाखवा.

मदत येते ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात. मक्त्याने वावर करणाऱ्याचे बियाणे गेले, खत गेले, घाम गेला, तरी कागदावर तो कोणीच नसतो. त्याने मालकाशी पेरणीच्या आधीच बोलून ठेवावे, दोन ओळी लिहून घ्याव्या. त्याहून अवघड गोष्ट विधवा बाईची. आपल्या जिल्ह्यात नवऱ्यामागे एकटीने शेत सांभाळणाऱ्या बाया थोड्या नाहीत. सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, बँकेचे खाते आधारला जोडलेले नाही. पूर तिच्या वावरात आला, पण मदत तिच्या दारात येत नाही. वारसनोंद ही पुराच्या आठवड्यात होणारी गोष्ट नव्हे. ती चैत्र-वैशाखात करायची असते. बाई, तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाची आई अशी आहे हे तुम्हाला ठाऊक असते. तिला एकदा तलाठ्यापर्यंत सोबत करा.

पावसाच्या मोजणीचीही एक तक्रार गावोगावी ऐकू येते, आणि ती खोटी नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पण पर्जन्यमापक असतो एका ठिकाणी आणि ढग कोसळतो दुसऱ्याच ठिकाणी. शाळेत साधे पर्जन्यमापक ठेवून मुलांकडून रोज सकाळी नोंद घ्यावी. सरकारदरबारी ती पुरावा म्हणून चालेलच असे नाही, पण आमच्याकडे त्या रात्री किती पडला, हे ग्रामसभेत आकड्याने सांगता येते. ‘लय पडला’ म्हणून सांगण्यात आणि आकडा सांगण्यात फरक पडतो.

पाटबंधारे खाते नद्यांना दोन पूररेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. पण गावातल्या नाल्याची रेषा कोणी आखत नाही; ती आपणच आखायची. पाणी ओसरल्या दिवशीच शाळेच्या, चावडीच्या, देवळाच्या भिंतीवर गाळाचा डाग जिथवर आहे तिथे आडवी रेघ ओढा आणि बाजूला तारीख व साल लिहा. डाग आठ दिवसांत जातो, म्हणून उशीर नको. रंग ऑइलपेंटचा घ्या. चुन्याची रेघ पुढच्या पावसाळ्यात धुऊन जाते.