व्यायामाची वेळ कोण ठरवतं?

ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले होते. पहिल्या गटाला व्यायामाबद्दल काही विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो हे नीट पटवून दिलं. तिसऱ्यालाही तेच पटवलं, पण शिवाय एक गोष्ट लिहून घेतली: पुढच्या आठवड्यात कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार. आठवडाभरात निदान एकदा वीस मिनिटं व्यायाम केलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के निघालं, दुसऱ्यात ३५ आणि तिसऱ्यात ९१. म्हणजे नुसत्या उपदेशाने काहीच साधलं नाही; वार, वेळ आणि जागा ठरल्यावर माणसं उठली. व्यायामाची इच्छा होत नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे पाहावेत. आपल्याकडे कमी असते ती बहुधा इच्छा नव्हे, ठरलेली वेळ.

वऱ्हाडाला हे नवीन नाही. यवतमाळचा हनुमान आखाडा चौक आजही आखाड्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. आखाड्यात जाणाऱ्या पोराला रोज सकाळी मनाची तयारी करावी लागत नसे. वेळ उस्तादाने ठरवलेली, जागा ठरलेली, जोडीदार वाट पाहत असलेला. न गेलं तर चौकशी होणार. हा सगळा आधार गावोगावी विरत गेला आणि त्याचं ओझं एकेकट्या माणसाच्या मनोबळावर येऊन पडलं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार, २००० साली सुमारे २२ टक्के भारतीय प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, २०२२ पर्यंत हे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेलं. दोन दशकांत निम्मा देश अचानक आळशी झाला असं मानण्यापेक्षा त्याच्या दिवसाची घडी बदलली असं मानणं जास्त पटणारं आहे.

व्यायामाची वेळ ठरवा म्हटलं की पहिला आक्षेप येतो तो वेळ नसल्याचा, आणि तो खोटा नाही. यवतमाळात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे मैदानावर जायचं तर सकाळी सातच्या आतच. नेमक्या त्याच वेळी नळ आला तर? २०१८ च्या पाणीटंचाईची आठवण असलेल्या शहरात पाणी सोडून कोणी फिरायला जाणार नाही, जाऊही नये. म्हणून ठरवतानाच पर्यायही ठरवावा: नळ आला तर त्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. एखादा दिवस बुडाल्याने काही बिघडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा खाडा मात्र फारसा आड आला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट तिने २०२० साली काढून टाकली. सकाळी पाच-सात मिनिटं सूर्यनमस्कार, दुपारी बाजारापर्यंत झपाझप चालणं, हे सगळं हिशेबात धरता येतं.

दुसरा आक्षेप यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने मोठा आहे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायाम कर म्हणून सांगायचं काय? मुळीच नाही. तिचे कष्ट हालचालीत धरलेच जातात. तिला पाठ मोकळी करायला आणि आराम करायला उसंत हवी. वेळ ठरवण्याचा हा सल्ला आहे तो खुर्चीवर दिवस काढणाऱ्यांना: दुकानदार, शिक्षक, कारकून, शिकवणीला बसलेली मुलं.

पण त्यांच्या घरातल्या बायकांचं काय? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या त्याच अंदाजात २०२२ साली अपुरी हालचाल असलेल्या पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के आहे, तर बायकांचं ५७. सकाळचे डबे, पाणी, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांचा चहा यांत घरातल्या बाईची वेळ दुसरेच कोणी ठरवत असतात. तिला प्रेरणेची भाषणं देणं अन्यायाचं आहे. शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून एक वेळ धरली की बाहेर पडणं सोपं होतं, हे खरं. पण त्याआधी घरातल्या पुरुषाने रोज अर्धा तास चूल, डबे आणि नळ सांभाळायला हवा. हा लेख वाचणाऱ्या पुरुषांनी स्वतःच्या व्यायामाची वेळ लिहिताना त्याच कागदावर तिचीही वेळ तिला विचारून लिहावी, आणि त्या वेळात घरातलं कोणतं काम आपण करणार तेही लिहावं.