अ‍ॅरिझोनातील शिकार परवाने व टॅग सोडत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमधील अ‍ॅरिझोना या वाळवंटी राज्यात मोठ्या वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी केवळ परवाना पुरेसा नसतो. परवान्याखेरीज ठरावीक प्राणी, ठरावीक क्षेत्र आणि ठरावीक कालावधी यांपुरता मर्यादित असा 'टॅग' मिळवावा लागतो. बहुतेक टॅग सोडतीने वाटले जातात. एका टॅगवर एकच प्राणी मारता येतो आणि शिकार होताच तो टॅग मृत प्राण्याच्या शरीराला बांधणे बंधनकारक असते. एल्क, म्यूल हरीण, प्राँगहॉर्न, बिगहॉर्न मेंढा आणि बायसन हे सोडतीतील प्रमुख प्राणी होत.

पार्श्वभूमी

राज्याच्या कायद्यानुसार अ‍ॅरिझोनातील वन्यप्राणी ही राज्याची मालमत्ता आहे. जमीन कोणाचीही असली तरी तिच्यावरील हरीण जमीनमालकाचे होत नाही. या मालमत्तेची व्यवस्था १९२९ पासून 'अ‍ॅरिझोना गेम अँड फिश' आयोगाकडे आहे. आयोगाचे पाच सदस्य राज्यपाल नेमतात, त्यांची मुदत पाच वर्षांची असते आणि एकाच काउंटीतून दोन सदस्य नेमता येत नाहीत. आयोग नियम व टॅगांची संख्या ठरवतो, तर त्याच्या अधीन असलेला विभाग हवाई पाहणी, गणना आणि अंमलबजावणी करतो.

संख्येवर नियंत्रण का हवे, याचा धडा राज्याला ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेस असलेल्या कैबाब पठारावर मिळाला. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तेथे संरक्षित क्षेत्र घोषित केले. हरणांची शिकार थांबली, प्यूमा व लांडगे मात्र मोठ्या प्रमाणावर मारले गेले. हरणांची संख्या भरमसाट वाढली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यात असंख्य हरणे उपासमारीने मेली. नेमके आकडे आणि वाढीची कारणे यांवर अभ्यासकांत पुढे बराच वाद झाला. १९२४ च्या हिवाळ्यात ही हरणे हाकारून दरीपलीकडे नेण्याचा एक प्रयत्नही झाला; कादंबरीकार झेन ग्रे त्यात सामील होता. हरणांनी हाकाऱ्यांना अजिबात दाद दिली नाही. संघराज्य सरकारने हरणे मारण्यास सुरुवात केल्यावर राज्याने विरोध केला, परंतु १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या जमिनीच्या रक्षणासाठी संघराज्याला तसे करता येते, असा निर्णय दिला.

एल्कची कथा उलट आहे. राज्यातील मूळ एल्क नामशेष झाल्यानंतर १९१३ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून ८३ एल्क आणून सोडण्यात आले. आज ज्या एल्कच्या टॅगसाठी अर्जदार वर्षानुवर्षे थांबतात, ते प्रामुख्याने अशा स्थलांतरित कळपांचे वंशज आहेत.

हंगाम

राज्य क्रमांकित व्यवस्थापन क्षेत्रांत विभागलेले आहे. प्रत्येक क्षेत्रात प्राणी, लिंग आणि शस्त्र यांनुसार वेगळे हंगाम असतात. एल्कचा धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरमध्ये, म्हणजे माजाच्या काळात असतो. त्या वेळी नर साद देतात व जवळ येतात. हरणांचे बंदुकीचे हंगाम मुख्यतः शरद ऋतूत व हिवाळ्याच्या प्रारंभी, तर टर्कीचा एक हंगाम वसंतात येतो. होल्याची शिकार १ सप्टेंबरला सुरू होते. तिला सोडत लागत नाही. दहा वर्षांखालील मुलांना मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही आणि दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

सोडतीची पद्धत

अर्ज करतानाच अर्जदाराकडे वैध परवाना असावा लागतो. टॅग मिळाला नाही तरी परवान्याचे शुल्क परत मिळत नाही, त्यामुळे न लागलेली सोडतही विभागाच्या तिजोरीत भर घालते. अर्जात पाच पसंतिक्रम देता येतात. चार जणांपर्यंतचा गट एकत्र अर्ज करू शकतो. त्यांच्या गुणांची सरासरी धरली जाते.

सोडत लागली नाही की त्या प्राण्यासाठी एक 'बोनस गुण' जमा होतो. शिकारी-शिक्षण पूर्ण केल्याबद्दल एक कायमचा गुण आणि सलग पाच वर्षे अर्ज केल्याबद्दल एक निष्ठा गुण मिळतो. पहिल्या फेरीत प्रत्येक शिकारीचे २० टक्के टॅग सर्वाधिक गुण असलेल्या अर्जदारांसाठी राखलेले असतात. उरलेल्यांसाठी संगणक प्रत्येक अर्जाला एक आणि प्रत्येक गुणामागे आणखी एक यादृच्छिक क्रमांक देतो. त्यांतील सर्वांत लहान क्रमांक ग्राह्य धरला जातो. म्हणजे २० गुणांच्या अर्जदाराला २१ क्रमांक, नवागताला एक. शेजारच्या नेवाडात गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. तेथे १० गुणांचे १०१ क्रमांक होतात. या तुलनेत अ‍ॅरिझोनाची पद्धत नवागताला सौम्य म्हणावी लागेल, परंतु राखीव २० टक्क्यांबाबत तसे म्हणता येत नाही. आज अर्ज करू लागलेली व्यक्ती वीस वर्षे पुढे असलेल्याला, तो टॅग मिळवून शून्यावर येईपर्यंत, गाठू शकत नाही. सर्वाधिक गुणधारकांची संख्या टॅगांपेक्षा जास्त असली की रांग दरवर्षी लांबत जाते. बिगहॉर्नच्या प्रत्येक उपजातीचा एकच नर आयुष्यात मारता येतो, ही मर्यादा त्यावरचा एक उतारा आहे.

दरवर्षी मोजके विशेष टॅग सोडतीबाहेर ठेवून संरक्षण संस्थांमार्फत लिलावाने किंवा रॅफलने दिले जातात. काहींना एक लाख डॉलरहून अधिक किंमत आली आहे. हा पैसा त्याच प्राण्याच्या संवर्धनासाठी वापरला जातो. श्रीमंतांसाठी वेगळी वाट, हा आक्षेप तरीही कायम आहे.

परराज्यातील अर्जदार

परराज्यातील शिकाऱ्यांना कमाल १० टक्के टॅग मिळतात. व्यावसायिक मार्गदर्शकांनी या मर्यादेला न्यायालयात आव्हान दिले. २००२ मध्ये नवव्या परिमंडळ अपील न्यायालयाने ती आंतरराज्य व्यापारात अडथळा आणणारी असल्याने तिची कठोर छाननी व्हावी, असे ठरवले आणि पुढे ती रद्दही झाली. राज्यातील रहिवाशांमध्ये त्यामुळे मोठी अस्वस्थता पसरली. अखेर २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने रहिवासी व परराज्यीय शिकाऱ्यांत भेद करण्याचा राज्यांचा अधिकार कायद्याने स्पष्ट केला आणि मर्यादा परत आली.

निधी

विभागाचा खर्च सर्वसाधारण करातून चालत नाही. परवाने व टॅग यांच्या शुल्काबरोबरच १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये लांब बंदुका व दारूगोळ्यावरील ११ टक्के उत्पादन शुल्कातून राज्याला वाटा मिळतो. त्यासाठी परवान्यांचा पैसा अन्यत्र न वळवण्याची अट आहे. याच निधीतून दुष्काळात वाळवंटातील कृत्रिम पाणवठ्यांना पाणी पुरवले जाते. ते शिकारयोग्य नसलेल्या प्राण्यांच्याही उपयोगी पडते.

मतभेद

शिकारीला घटनात्मक हक्काचा दर्जा देणारा प्रस्ताव २०१० मध्ये राज्यातील मतदारांनी फेटाळला. १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांचा वापर बंद आहे. पाणवठे थोडे असल्याने एकेका पाणवठ्यावर अनेक कॅमेरे लागत आणि ते तपासणाऱ्यांच्या वर्दळीने प्राणी पाण्यावर येईनासे होत. न्याय्य शिकारीच्या तत्त्वाचाही प्रश्न होता. नव्याहो, व्हाइट माउंटन अपाची आणि सॅन कार्लोस अपाची यांच्या भूमीवर मात्र राज्याचा टॅग चालत नाही. तेथील परवाने त्या त्या जमातीचे प्रशासन देते.