जुन्या गाडीत रेडिओ कोणता?

घरची जुनी प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीला काढली की प्रश्न पडतो: मूळ रेडिओ ठेवायचा की नवा बसवायचा?

आम्ही म्हणतो, मूळ काढू नका. जुने बरेच संच फक्त मध्यम लहरी पकडतात. या लहरी जमिनीला धरून जातात, म्हणून आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, डोंगराआडही बऱ्यापैकी लागतं. भोर-वेल्ह्यात डोंगर आडवा आला की एफएम मात्र तुटतं.

पण आपला सामुदायिक रेडिओ एफएमवरच. त्यासाठी छोटा नवा संच डाव्या कप्प्यात बसवा, वायर फ्यूजमधूनच घ्या. डॅशबोर्डचा पत्रा मात्र कापू देऊ नका. तो पुन्हा जुळत नाही, आणि विकायची वेळ आली तर हौशी गिऱ्हाईक आधी तेच बघतं.