स्क्रूवरचा पूल

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये मिठी नदीवर १८८८ सालचा पूल होता. त्याचे बिडाचे खांब तळाशी रुंद पाती असलेल्या स्क्रूसारखे होते. ते पिळत पिळत चिखलात उतरवले होते. ही युक्ती आयर्लंडचे अंध अभियंते अलेक्झांडर मिचेल यांची. तिचं पेटंट त्यांनी १८३३ मध्ये घेतलं. मऊ चिखलात रुंद पाती भार पसरवतात, म्हणून खांब खचत नाही.

मग हा पूल का बदलावा लागला? बीड दाबाला दणकट, पण ताणाला आणि धक्क्याला ठिसूळ. त्यात खाडीजवळचं खारं पाणी. त्याने बिडातलं लोह हळूहळू विरघळतं आणि मागे ग्राफाइट उरतं. खांबाचा आकार तसाच दिसतो, पण तो भाग चाकूने खरवडता येतो! म्हणजे नुसत्या नजरेने दोष कळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये रात्रीचे ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरावीक तास गाड्या थांबवून, हा पूल बदलला. अशा कामात खरी मेहनत ब्लॉकच्या आधीची असते. नवे आधार शक्य तितके गाड्या चालू असतानाच बांधतात. ब्लॉक मिळाला की ओव्हरहेड वायरचा वीजप्रवाह बंद, रूळ कापायचे, जुने गर्डर क्रेनने उचलायचे, नवे बसवायचे, रूळ पुन्हा जोडायचे. पुलालगतची नवी खडी अजून दबलेली नसते. म्हणून लोकल सुरू झाल्यावरही तिथे काही दिवस वेग कमी ठेवतात. गाडी रेंगाळली म्हणून मोटरमनवर चिडू नका!