पाऊस मोजणारी ग्रामसभा

यंदा कांदा किती लावायचा, गहू करायचा की नाही, हे शेतकरी एरवी आपल्या विहिरीत डोकावून ठरवतो. हिवरे बाजारात ते ग्रामसभेत ठरतं. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि विहिरींची पातळी सभेपुढे येते. पडलं किती, वाहून गेलं किती, उडून गेलं किती, मुरलं किती. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, घरवापराचं धरायचं, पुढच्या सालासाठी थोडं राखायचं. उरलेल्यात रब्बीचं काय बसतं ते मग बघायचं. ऊस आणि केळी गावात नाहीतच. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हाही गावानंच घातलेला नियम.

अहिल्यानगर शहरापासून साधारण १७ किलोमीटरवरचं हे गाव. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, माणसं मजुरीला बाहेर पडली, दारूच्या भट्ट्या लागल्या. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार १९८९मध्ये बिनविरोध सरपंच झाले. पुढे १९९४मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही त्या योजनेची पंचसूत्री.

यातली चराईबंदी मला सगळ्यांत कठीण वाटते. ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्याला डोंगर बंद झाला म्हणजे चूलच धोक्यात आली. इथे जनावरं सोडायला बंदी ठेवली, पण गवत कापून न्यायची मोकळीक दिली. असा मधला रस्ता सरकारी परिपत्रकातून येत नाही. तो निघतो समोरासमोर बसल्यावर.

कायद्यानं ही बैठक प्रत्येक गावाला दिली आहे. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. वर्षाला किमान चार सभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा. कोरम फार नाही: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. तरी तो भरत नाही. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. कितीतरी गावांचे ठराव रिकाम्या सतरंजीवर मंजूर होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जानेवारी २०२१मध्ये हिवरे बाजारात ३० वर्षांनी ग्रामपंचायतीसाठी मतदान झालं. सातही जागा पवारांच्या पॅनेलला मिळाल्या. पण ‘आदर्श गावातही निवडणूक लागली!’ अशी हळहळ तेव्हा पुष्कळांनी व्यक्त केली. मला ती पटली नाही. बिनविरोध निवडीनं खर्च वाचतो, भावकी दुभंगत नाही, हे खरं. पण वेगळं म्हणणाऱ्यानं उभं राहणं हा गावाला लागलेला डाग नव्हे. तो त्याचा हक्क आहे, आणि तो वापरला गेला हे चांगलंच झालं.

शिवाय मतदान त्या मानानं सोपं. बटण दाबलं, कुणाला दाबलं ते कुणाला कळत नाही. ग्रामसभेत मात्र ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे, त्याच्याच समोर उभं राहून म्हणावं लागतं: दादा, यंदा पाऊस कमी झालाय, जास्त पाण्याचं पीक घेऊ नका.